वजनं उचलून बॉक्सरचा ठोसा जड होतो का?

संध्याकाळी सोलापूरच्या पार्क मैदानावर बॉक्सिंगची पोरं दोरीउड्या मारत असतात तेव्हा कडेला दोन-चार पालक उभे असतात. त्यांतले एक यंत्रमाग कामगार. पहिली पाळी उरकून मुलीला न्यायला येतात. परवा त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, पोरगी जिमला जाऊ का म्हणतीय. वजनं उचलली तर हात जड होतो म्हणं. खरं हाय का ओ?"

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि संध्याकाळी या पोरांबरोबर असतो. हल्ली हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. २०२५च्या सप्टेंबरात लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत जॅस्मिन लांबोरियानं ५७ किलो गटात आणि मीनाक्षी हुडानं ४८ किलो गटात सुवर्ण जिंकलं. तेव्हापासून आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या मुली वाढल्या. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग राहणार हेही त्याच वर्षी मार्चमध्ये पक्कं झालं. पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघतात. एकात कुणी शंभर किलोचा बार घेऊन बैठका मारतोय, दुसऱ्यात कुणी सांगतोय की बॉक्सरनं लोखंडाला हातसुद्धा लावू नये. खरं कुणाचं?

माझं उत्तर असं: वजनांचा ठोशाला फायदा होतो, पण ती योग्य स्नायूंसाठी, योग्य पद्धतीनं उचलली तरच. चुकीच्या पद्धतीनं उचलली तर त्या वडिलांची भीती खरी ठरते. हे का, ते समजायला आधी ठोसा कसा बनतो ते पाहावं लागेल.

ठोसा टाचेपासून सुरू होतो

आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस नीट पाहा. बाराबंदीतला तो गडी एवढा उंच, जड ध्वज दंडाच्या जोरावर नेत नाही. भार कमरेवर आणि पायांवर बसलेला असतो, हात तोल सांभाळतात. नवखा सरावाला उभा राहिला की खांद्यानं झटायला जातो आणि लगेच डगमगतो. जुनी माणसं त्याला पहिल्यांदा पाय रोवायला सांगतात.

उजव्या हाताचा सरळ ठोसा, ज्याला आपली पोरं क्रॉस म्हणतात, तसाच बनतो. मागच्या पायाचा चवडा जमीन मागं रेटतो, जमीन तेवढ्याच जोरानं शरीराला पुढं रेटते. तो जोर गुडघ्यातून कमरेत जातो, कमरेच्या पिळातून खांद्यात आणि सगळ्यात शेवटी मुठीत. मूठ म्हणजे चाबकाचं टोक. आवाज टोकाला होतो, जोर दांड्याकडून येतो.

१९८०च्या दशकात सोव्हिएत अभ्यासकांनी १२० बॉक्सरांच्या उजव्या सरळ ठोशाचं विश्लेषण केलं. वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाचा ३७ टक्के आणि हाताचा फक्त २४ टक्के निघाला. नवख्यांत चित्र उलटं होतं: पायांचा वाटा जेमतेम साडेसोळा टक्के, हाताचा ३८. म्हणजे बॉक्सर पिकत जातो तसा ठोसा हातातून पायांत उतरत जातो.

हे आकडे मी पोरांना फळ्यावर लिहून दाखवतो, कारण जिममध्ये पाऊल टाकलं की ती थेट बेंच प्रेसकडं, म्हणजे आडवं पडून छातीवरून बार ढकलायला, धावतात आणि तिथून दंडाच्या डंबेलकडं. ज्या पायांतून सर्वांत मोठा वाटा यायचा ते पाय महिनोन् महिने तसेच राहतात.

ब्रिटनमधली आणखी एक मोजणी २००० साली प्रसिद्ध झाली. मागच्या हाताच्या ठोशाचा सर्वोच्च जोर अव्वल बॉक्सरांत सरासरी ४८०० न्यूटन, मधल्या फळीत ३७२२ आणि नवख्यांत २३८१ निघाला. न्यूटन हे जोर मोजायचं माप. एक किलोचं वजन तळहातावर धरलं की तळहातावर साधारण दहा न्यूटन जोर पडतो. अव्वल आणि नवख्या खेळाडूत दुपटीचा फरक आहे, आणि हा फरक काही दंडाच्या घेरातून येत नाही.

एक दशांश सेकंदाचा खेळ

१९८५ साली ब्रिटनचा हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटातला बॉक्सर फ्रँक ब्रुनो याच्या ठोशाचं मोजमाप तिथल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मूठ निघाल्यापासून एक दशांश सेकंदात तिनं जवळपास अर्धा मीटर अंतर कापलं आणि सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर वेगानं ती आदळली. आदळतानाचा जोर ४०९६ न्यूटन, म्हणजे चारशे किलोहून जास्त वजनाइतका. सहा किलोचा, गादी गुंडाळलेला लाकडी हातोडा त्याच वेगानं मारावा तसा तो तडाखा, असं अभ्यासकांनी लिहिलं.

यातला एक दशांश सेकंद लक्षात ठेवा. सगळी गोम तिथं आहे.

स्नायूला आपली पूर्ण ताकद लावायला साधारण तीन दशांश सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. जड बार घेऊन बैठकीतून वर यायला तर एक-दोन सेकंद सहज जातात. ठोसा त्याआधीच संपलेला असतो. म्हणून तुमच्यात एकूण ताकद किती आहे एवढं पुरत नाही, त्या इवल्या वेळात त्यातली किती बाहेर पडते हे महत्त्वाचं. ताकद आणि वेग यांच्या गुणाकाराला पॉवर म्हणतात. बॉक्सरला हवी असते ती ही.

त्या वडिलांना मी मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचंच उदाहरण दिलं. मागावरची काठी धोट्याला ढकलत पलीकडं नेत नाही. ती त्याला एक झटका देते आणि मग धोटा उभ्या धाग्यांच्या दोन थरांमधून आपला आपण सुटतो. मोटर कितीही दमदार असू दे, झटका वेळेवर आणि नेमका बसला नाही तर उपयोग नाही. ते लगेच म्हणाले, "झटका कमी पडला की धोटा मधीच अडकतो ओ, आन् मग धागं तुटत्यात." त्यांना पॉवर म्हणजे काय हे माझ्याआधीच ठाऊक होतं.

धोट्याचं आणखी एक साम्य आहे. झटका दिल्यावर काठी बाजूला होते, धोट्याला मोकळं सोडते. चांगल्या ठोशातही स्नायू सलग आवळलेला नसतो. कॅनडातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१०मध्ये मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या अव्वल खेळाडूंच्या स्नायूंतल्या हालचाली नोंदवल्या. सुरुवातीला एक जोरदार आवळणं, मग क्षणभर सैल सोडणं, आणि आदळताना पुन्हा आवळणं. मधल्या सैल क्षणात मूठ वेग घेते. शेवटच्या आवळण्यानं मूठ, मनगट, खांदा, धड हे एकसंध दांडक्यासारखं होतं आणि अंगाचं वजन ठोशामागं उभं राहतं. साठ किलोच्या मुलाचा खांद्यापासूनचा अख्खा हात तीन किलोच्या आसपास भरतो. नुसता तेवढाच आदळला तर समोरचा मान हलवून पुढं येतो. त्यामागं धड आलं की त्याचे पाय थांबतात.

नवखा पोरगा सुरुवातीपासून शेवटपर्यंत दात-ओठ खाऊन आवळलेला असतो. स्वतःचाच ब्रेक दाबून सायकल मारावी तसं. याला कुठलंही वजन कामाचं नाही. इथं कामाला येतात ते कोच, आरसा आणि ठोसे मारायची बॅग.

मग जड वजन उचलायचं तरी कशाला?

हा प्रश्न मला स्वतःला बरीच वर्षं छळत होता. ठोसा इतका झटपट आणि जड बैठक इतकी संथ, तर एकाचा दुसऱ्याला फायदा कसा?

उत्तर मेंदूत आणि नसांत आहे. एक नस आणि तिच्या हुकमातले स्नायूतंतू मिळून एक टोळी होते. काही टोळ्या लहान, संथ, न थकणाऱ्या. काही मोठ्या, झपाट्याच्या, पण लवकर दमणाऱ्या. मेंदू काटकसरी आहे. लग्नघरात पाट-चौरंग हलवायला दोन पोरं पुरतात. ट्रकमधून लोखंडी कपाट उतरवायचं असलं की मोठ्यानं हाक मारावी लागते, तेव्हा कुठं गल्लीतले धिप्पाड गडी बाहेर पडतात. शरीरातल्या या मोठ्या टोळ्यांनाही मेंदू मुख्यतः दोन वेळी हाक मारतो: भार खरंच जड असतो तेव्हा, किंवा हालचाल जीव तोडून झटक्यात करायची असते तेव्हा.

जड वजन त्या टोळ्यांना जागं करतं. उड्या आणि फेकी त्यांना लवकर यायला शिकवतात. दोन्ही लागतात. नुसत्या जड वजनानं ताकद वाढते, पण ती उशिरा पोचते. नुसत्या उड्यांनी वेग येतो, पण मागं बोलवायला गडीच कमी असतात.

म्हणूनच नव्यानं वजन उचलणाऱ्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्यानं वाढते आणि दंडाचा घेर मात्र तेवढाच राहतो. स्नायू वाढलेला नसतो, हाक मारायची सवय लागलेली असते.

२०१६मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातल्या १५ बॉक्सरांची चाचणी प्रसिद्ध झाली. वजन घेऊन मारलेली उडी, बेंच प्रेस अशा चाचण्यांत जे जोरदार होते, त्यांचेच ठोसे जड निघाले. यावरून वजनांमुळेच ठोसा जड झाला असं सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पाय आणि धड यांची पॉवर ठोशाच्या हातात हात घालून चालते, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

"हात जड होतो" यात तथ्य किती?

थोडं आहे, आणि ते नाकारून चालणार नाही.

आदल्या दिवशी दंड आणि छातीचे सेट, एका दमात बारा-पंधरा वेळा उचलायचे, दमेपर्यंत मारले की दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकतात. पोरगा बॅगवर उभा राहतो, हात उचलत नाही, कोच ओरडतात. हे मी कितीदा पाहिलंय. पण तो जडपणा थकव्याचा असतो, दोन-तीन दिवसांत जातो. खरा तोटा वेगळा. असं आठवडाभर चाललं की पॅडचा, बॅगचा, पायाच्या हालचालींचा सराव अर्ध्या अंगानं होतो. सहा महिन्यांनी आरशात छाती भरलेली दिसते आणि रिंगणात पोरगा मागं पडलेला असतो. लोक म्हणतात, बघा, जिमनं वाटोळं केलं. वाटोळं वजनानं नाही केलं, शरीरसौष्ठवाचा कार्यक्रम बॉक्सरला लावल्यामुळं झालं.

वजनांनी बॉक्सर संथ होतो, अशी अमेरिकेतल्या जुन्या कोचांचीही समजूत होती. मायकेल स्पिंक्स लाइट हेवीवेटचा, म्हणजे हेवीवेटहून हलक्या गटाचा विजेता. त्यानं मॅकी शिलस्टोन या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली अंग कमावलं आणि सप्टेंबर १९८५मध्ये वरच्या गटात जाऊन लॅरी होम्सला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवलं. लाइट हेवीवेटचा विजेता हेवीवेटचा विजेता होण्याची ती पहिलीच वेळ. इव्हँडर होलीफिल्डनं १९८८मध्ये गट बदलला, शरीरसौष्ठवपटू ली हॅनीची मदत घेतली आणि ऑक्टोबर १९९०मध्ये तो हेवीवेटचा विजेता झाला. वजनं उचलून या दोघांचे हात संथ झाले असं त्यांच्या लढती पाहिलेला कुणी म्हणणार नाही.

बारीक पोरांचा ठोसा जड असतो, त्याचं काय?

अमेरिकेचा बॉक्सर थॉमस हर्न्स सहा फूट एक इंच उंच आणि वेल्टरवेट गटात, म्हणजे ६६.७ किलोच्या आत. काडीसारखे पाय, तरी त्याला हिटमॅन, म्हणजे मारेकरी म्हणत. आपल्याकडंही असा एखादा पोरगा असतो. अंगावर मूठभर मांस नाही आणि बॅग मात्र साखळीसकट उडते.

हाताची लांबी, स्नायूतंतूंची जात, हाडाला स्नायू नेमका कुठं जोडला आहे ही जन्माची देणगी. त्यावर वेळेचं अचूक भान आलं की असा ठोसा बनतो. ही देणगी ज्याला नाही त्याच्या हातात उरतं ते तंत्र आणि ताकद. आणि ज्याला आहे त्यानंही ताकद वाढवली तर बिघडतं काय?

वजनगट, मुली आणि उंची

वजनं उचलून अंग वाढेल आणि वजनगट हातचा जाईल, अशी भीती काहींना असते. पण स्नायू फुगवायला दोन गोष्टी लागतात: भरपूर सेट आणि भरपूर खाणं. तीन-चार वेळाच उचलायचं जड वजन, मध्ये लांब विश्रांती, वर रोजचं धावणं, एवढ्यात किलोंचा डोंगर चढत नाही. मुलींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुलांपेक्षा कितीतरी कमी असतं, त्यामुळं "पोरगी पैलवानासारखी दिसेल" ही काळजी सोडून द्यावी. वजनं उचलून उंची खुंटते हेही खरं नाही. नीट देखरेख असेल तर किशोरवयीन मुलांनी वजनं उचलायला हरकत नाही असं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनाही सांगतात. धोका असतो तो एकट्यानं, बढाई मारत, पाठ वाकवून उचलण्यात.

तालमीतलं ठेवावं, हातातले डंबेल टाकावेत

जोर-बैठका सोडून मशीनवर जा, असं मी कधी सांगणार नाही. सोलापुरातल्या तालमींत हे सगळं आधीपासून आहे. जोर मारणाऱ्या पोराचा खांदा आणि पाठीचा कणा घट्ट असतो, मुद्गल फिरवणाऱ्याची पकड आणि कमरेचा पीळ मजबूत असतो. पण दोनशे बैठका सहज निघायला लागल्या की त्यातून दम वाढतो, ताकद वाढत नाही. तेव्हा भार वाढवावाच लागतो. जिम परवडत नसेल तर पोत्यात वाळू भरून खांद्यावर घ्या, किंवा जोडीदाराला पाठीवर घ्या. आपले पैलवान पूर्वापार जोडीदार खांद्यावर घेऊन बैठका मारतात.

मात्र हातात डंबेल घेऊन शॅडो, म्हणजे हवेत ठोसे मारायचा सराव, करणं मला पटत नाही. ठोसा पुढं जातो, डंबेलचं वजन खाली ओढतं. त्यामुळं खांदा मूठ वर धरून ठेवायला झटतो, ठोशाची वाट बदलते, कोपर बाहेर फाकतं. पुढं फेकायची ताकद हवी असेल तर मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, छातीपासून किंवा कमरेच्या पिळानं भिंतीवर फेका. तो हातातून सुटतो, म्हणून शेवटी ब्रेक मारावा लागत नाही. इथंही धोट्याचाच न्याय.

करायचं कसं?

आठवड्यात दोन दिवस पुरे. सुरुवात ताज्या अंगानं: चार-पाच उड्या, मग मेडिसिन बॉलच्या फेकी, दोन्ही बाजूंनी. त्यानंतर एक जड व्यायाम पायांचा, म्हणजे बार घेऊन बैठक किंवा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलून उभं राहणं. एक ढकलायचा, एक ओढायचा. ओढायचा विसरू नका, कारण मूठ परत हनुवटीपाशी आणतात ते पाठीचे स्नायू. प्रत्येकी तीन-चार सेट, सेटमध्ये तीन ते पाच वेळा, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. आणखी दोन वेळा उचलता आलं असतं अशा टप्प्यावर थांबायचं. बार संथ वर गेला तरी चालेल, मनातून मात्र तो झटक्यात वर ढकलायचा. मेंदू त्या इराद्यातूनही शिकतो. पहिले दोन महिने मात्र हलक्या वजनावर ढब शिकण्यातच घालवा, त्यात कमीपणा नाही.

बॅगचा सराव आणि वजनं एकाच दिवशी असतील तर बॅग आधी. लांब धावणं आणि जड वजन यांत काही तासांचं अंतर ठेवा, कारण रोजचं दहा किलोमीटर आणि जड बैठका एकमेकांच्या वाढीत पाय घालतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीपार असतो, तेव्हा वजनं पहाटेच. लढतीच्या आधी आठवडा-दहा दिवस भार आणि सेट कमी करा म्हणजे अंग ताजं राहतं.

मनगट, मान आणि पंच

ठोशाची पॉवर वाढली की ती आधी स्वतःच्या हाडांवर आदळते. करंगळीच्या मागचं तळहाताचं हाड मोडतं त्याला डॉक्टर बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. मुठीला नीट पट्टी बांधल्याशिवाय बॅगला हात लावू देऊ नका, आणि पकड, मनगट, मान यांचे व्यायाम कंटाळवाणे असले तरी करून घ्या. डोक्यावरच्या तडाख्यानं मेंदूला इजा होते. जड ठोसा मारायला शिकवणाऱ्यानं चुकवायला दुप्पट शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. सरावात एकमेकांच्या डोक्यावर पूर्ण जोर लावायची गरज कुणालाच नाही.

हौशी बॉक्सिंगमध्ये पाच पंच नेमक्या जागी स्वच्छ बसलेल्या ठोशांकडं पाहून गुण देतात. कमी ताकदीची, पण पायांनी चपळ मुलगी तिथं जिंकू शकते. तरी पहिल्याच फेरीत एक जड क्रॉस बसला की समोरची पुढं यायला कचरते आणि लढतीचं अंतर तुमच्या हातात येतं.

फायदा होतोय का हे बघायला यंत्र लागत नाही. भिंतीशी उभं राहून हात वर करून खडूनं खूण करायची, मग जागेवरून उडी मारून दुसरी. दोन्हींतलं अंतर टेपनं मोजायचं. मेडिसिन बॉल किती लांब गेला तेही. परवा त्या मुलीनं पहिल्या दोन खुणा केल्या आणि वडिलांनी टेप धरली. "परत कधी बघायचं, सर?" आठ आठवड्यांनी, मी म्हणालो. त्यांनी खिशातून पाळीच्या नोंदींची वही काढली आणि तारीख लिहून घेतली.